स्वयंपाकघराला खिडक्या किती?

पाली,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सुचिताचा जयभीम.

फोनवर बोलून काही हाती लागत नाही, म्हणून कागद घेतला. एसटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून आयुष्यभर तिकिटं फाडली, त्यात तुमचे कान गेले, हे मला समजतं. पण मी इथून एक वाक्य बोलायचं, मामीने ते तुमच्या कानात ओरडायचं, तुम्ही त्याचं अर्धं उत्तर द्यायचं आणि माझ्यापर्यंत पोचताना त्यातलं पाव उरायचं, याला बोलणं म्हणत नाहीत. काल मी एवढंच विचारलं होतं की वाडीतलं ते घर बघायला कधी येऊ. मामी म्हणाली, "मामा म्हनतात, आधी बँकेचं पत्र आन, मग ये." मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मामीला विचारलं तर तिने विषय बदलला.

मामा, दिवाळीत तुम्हीच सांगितलंत ना, की अनुसूयाबाईंचं घर विकायला निघालंय म्हणून? विहीर आहे, नारळाची झाडं आहेत, रस्त्याला लागून आहे आणि भाव आपल्या आवाक्यातला आहे, हे सगळं तुमच्याच तोंडचं. जूनपासून माझी बदली आमच्या संस्थेच्या मुरुडच्या शाळेत होतेय. इथल्या भाड्याच्या घरात आईच्या दम्याने फार उचल खाल्लीय. स्वयंपाकघराला एकही खिडकी नाही. मी फोडणी टाकली की ती खोकत बाहेर जाते आणि पायरीवर बसून राहते. तिचं एकच टुमणं आहे, की मुरुडला जाऊ, वाऱ्यावर राहू, भावाच्या, अंबूच्या शेजारी राहू.

आता तुम्ही घरं दाखवणारे एजंट, मी घर घेणारी आणि तुमची सख्खी भाची. यात पत्र कुठून आलं? मला सध्या एकच गोष्ट हवीय. त्या घराच्या स्वयंपाकघराला खिडक्या किती, तेवढं कळवा. बाकीचं मी येऊन बघेन.

तुम्ही सांगितलंत तसं हे पाकीट रोह्याच्या गाडीत कंडक्टरकडे देतेय. रोह्याचा कंट्रोलर ते मुरुडच्या गाडीत टाकेल म्हणे. रिटायर होऊनही तुमचा शब्द एसटीत चालतो. माझा शब्द मात्र मामाच्या घरी चालत नाही.

सुचिता

*

मुरुड,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सुचितास,
तुला आणि ताईला जयभीम.

पाकीट वेळेवर मिळालं. पोस्टापेक्षा आपली एसटी बरी.

रागावू नकोस. माझ्या टपरीवर पाटी लावलेली आहे, ती तू दिवाळीत बघितली असशील. 'बँकेचे मंजुरीपत्र दाखवल्याशिवाय घर दाखवले जाणार नाही.' ही पाटी उगाच लागलेली नाही. आमच्याकडे थंडी सुरू झाली की मुंबईची मंडळी मांडव्याला बोटीतून उतरतात, गाडी करून इथवर येतात आणि लॉजवर दुपारी करायला काही नसलं की म्हणतात, चला, घरं बघू. गेल्या वर्षी असंच एक कुटुंब आलं. मी दिवसभर त्यांच्याबरोबर फिरलो. शेवटच्या वाडीत त्यांनी चटई पसरली, डबे उघडले, पोरांना विहिरीवर आंघोळी घातल्या, शहाळी फोडून घेतली आणि जाताना मला विचारलं, की इथे सुरमई कुठे चांगली मिळते. घराचं नावसुद्धा काढलं नाही. मालकाने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून नियम केला. तिकीट आधी, बेल मग. नोकरीत असताना मी तिकीट फाडल्याशिवाय कधी बेल मारली नाही, साहेबाच्या मेहुण्यालाही सोडलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं धंद्यात करता येत नाही. तू शिक्षिका आहेस, तुला नियमाचं महत्त्व मी काय सांगू?

पत्र मिळव, मग मी तुला स्वतः घेऊन जातो. तोवर फोटो पाठवतोय. ताईला म्हणावं, काढा घेत जा.

तुझा मामा
अंबाजी

*

पाली,
१५ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
जयभीम.

तुमच्या नियमाचं महत्त्व कळावं म्हणून मी तीन आठवडे बँकेचे उंबरे झिजवले. काय झालं ते ऐका.

मॅनेजरांनी बसवलं, चहा दिला, पगाराच्या पावत्या बघितल्या आणि विचारलं, "कुठलं घर घेताय?" मी म्हटलं, अजून बघितलेलं नाही. ते म्हणाले, मग आधी बघून या, घराचे कागद आणा, आम्ही ते तपासू आणि मग मंजुरीचं पत्र देऊ. मी म्हटलं, पत्र असल्याशिवाय एजंट घर दाखवत नाही. ते हसले. म्हणाले, "असा कोण एजंट आहे हो?" आता मी काय सांगणार? सख्खा मामा आहे म्हणून सांगू? मी चहा संपवला आणि उठले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहाही विचारला नाही.

बँक म्हणते घर दाखव, तुम्ही म्हणता बँक दाखवा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण माझ्या नशिबातली विहीर फोटोतच राहिलीय. आणि ते तिकिटाचं मला सांगू नका. एसटीच्या गाडीवर ती कुठे जाते त्याची पाटी तरी असते. बसायला जागा आहे का ते लोक खिडकीतून डोकावून बघतात आणि मगच चढतात. तुम्ही मला गाडीजवळसुद्धा फिरकू देत नाही.

फोटोंचं तर काय बोलावं. एकात तुळशीवृंदावन, एकात विहीर, एकात कौलं आणि एकात नुसती पायरी. तुम्ही घर विकताय की अंगण? आतला एक फोटो नाही. मी विचारलं होतं स्वयंपाकघराला खिडक्या किती, त्याचं उत्तर अख्ख्या पत्रात नाही. आई ते फोटो उशाशी घेऊन बसते. विहिरीचा फोटो बघून म्हणाली, "ह्या विहिरीचं पानी गोड हाय." तिला कसं माहीत, ते विचारलं तर तिने फोटो उशीखाली सारला.

मला खरंच वैताग आलाय, मामा. खिडक्या मोजायला बँक लागत नाही.

सुचिता

*

मुरुड,
२० डिसेंबर २०२४

चि. सुचितास,
जयभीम.

घाईत लिहितोय, सुट्ट्यांची गर्दी सुरू झालीय.

सगळ्या बँका सारख्या नसतात. पगारावरून आधी मंजुरी देणाऱ्याही आहेत, घराचे कागद त्या नंतर मागतात. 'तत्त्वतः मंजुरी' असा शब्द वापरून विचार. तुझी सरकारी मान्यतेची नोकरी आहे, तुला कोण नाही म्हणेल? पत्र घेताना एवढं बघ, की रक्कम वरच्या बाजूला हवी आणि ठळक हवी. शिक्का ठसठशीत हवा. नाव वगैरे खाली बारीक असलं तरी चालेल.

आतले फोटो माझ्या मोबाईलवर नीट येत नाहीत, अंधार असतो. स्वयंपाकघर आहे म्हणजे खिडकी असणारच, त्यात एवढं काय.

ताईला विहिरीचं जास्त विचारू नकोस.

मामा

*

पाली,
५ जानेवारी २०२५

मामा,

आज जयभीमही घालावासा वाटत नाही, पण घालते. जयभीम.

आमच्या शाळेत मैथिली म्हणून इंग्रजी शिकवणारी बाई आहे. स्वभावाने चांगली आहे, माझ्याशी डबा वाटून खाते. नाताळच्या सुट्टीत ती आणि तिचा नवरा अजेय मुरुडला गेले होते. शुक्रवारी तिने स्टाफरूममध्ये फोटो दाखवले. किल्ला झाला, समुद्र झाला, लॉजवरची मासळी झाली आणि मग म्हणाली, "आम्ही ना, गंमत म्हणून घरंही बघितली. तिथे एक म्हातारे एजंट आहेत, कानाने कमी, पण फार सज्जन. अजेयने सांगितलंसुद्धा की आम्ही नुसतंच बघतोय, तर म्हणाले, बघा की, बघायला काय पैसे पडतात?"

बघायला काय पैसे पडतात. हे तुमचं वाक्य आहे, मामा. तुम्ही त्यांना एका दुपारीत तीन घरं दाखवलीत, त्यात अनुसूयाबाईंचंही दाखवलंत. पत्र मागितलं नाहीत. वर शहाळी पाजलीत. पाटी तेव्हा कुठे ठेवली होती, मामीच्या पदराखाली?

घराच्या आतले फोटो मी तिच्या मोबाईलवर बघितले. माजघर आहे, झोपाळा आहे, लाकडी जिना आहे. अंधारबिंधार काही नाही, लख्ख उजेड आहे. स्वयंपाकघराचा फोटो तेवढा तिने काढला नाही, तिला त्यात रस नाही. एका फोटोत माजघराच्या खिडकीतून तुम्ही दिसताय. पडवीत सावली असताना तुम्ही अंगणात उन्हात उभे आहात, टोपी हातात धरून. मैथिली म्हणाली, "हेच ते आजोबा." मी सांगितलं नाही की हे माझे मामा आहेत. मोबाईल तिच्या हातात परत दिला.

तुम्हाला वाटतं ना, की मास्तरणीच्या पगारात वाडीतलं घर झेपायचं नाही, म्हातारीला घेऊन ही उगाच हेलपाटे घालेल आणि तुमची दलाली बुडेल? मग तसं सरळ सांगा. परक्याने अपमान केला तर माणूस भांडतो. घरच्याने केला तर कुठे जायचं?

आईला यातलं काही बोललेले नाही. ती विचारते, अंबूचं काय आलं? मी सांगते, गाडी चुकली असेल.

सुचिता

*

मुरुड,
१९ जानेवारी २०२५

चि. सुचिता,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. शेवटी तुझी मामी कोकिळा म्हणाली, "पोरीला खरं सांगा न्हायतर मी फोन करून सांगते, आनि मी सांगीन ते आख्खी आळी ऐकंल." म्हणून लिहितोय.

तुझ्या पगारावर माझा विश्वास नाही असं तुला वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. तू नोकरीला लागलीस तेव्हा डेपोत मी पेढे वाटले होते. प्रश्न पगाराचा नाही.

मैथिलीबाईंना मी पत्र विचारलं नाही, कारण त्यांना पुढे कुणी काही विचारणार नव्हतं. तुला विचारणार होते. अनुसूयाबाई एकट्याच राहतात, त्यांचा पुतण्या देवव्रत त्यांना पुण्याला नेतोय, म्हणून घर काढलंय. मला घर सांगितलं तेव्हा बाई पायरीवर उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "अंबाजी, माणसं बघून आण हो." एवढंच म्हणाल्या. मीही विचारलं नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर न विचारता कळतं.

आपल्यातली माणसं याआधीही आली होती. एक तलाठी होता, एक बँकेतली मुलगी होती, दोघांनाही वाड्यांमधली घरं हवी होती. मी त्यांना घेऊन गेलो. मालकांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग म्हणाले, घर विकायचं अजून ठरलेलं नाही हो. पुढच्याच महिन्यात ती घरं दुसऱ्यांना गेली, आणि तीही माझ्याच हातून. तो तलाठी परत जाताना माझ्याकडे कसा बघत होता ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर पाटी लावली. सहलीवाल्यांची गोष्ट खरी आहे, पण पाटी त्यांच्यासाठी नाही. आपल्या माणसाला नाही ऐकावं लागलंच, तर ते माझ्या पाटीकडून ऐकावं. पायरीवर उभं राहून ऐकू नये. आणि एखाद्याने जिद्दीने पत्र आणलंच, तर मालक आधी आकडा वाचेल, आडनाव मग वाचेल, असा माझा हिशेब. म्हणून तुला रक्कम वर हवी म्हणून लिहिलं.

आता खिडक्यांचं. सुचिता, त्या घराच्या स्वयंपाकघराला खिडक्या किती ते मला माहीत नाही. मी त्या घरात कधी गेलेलो नाही. वाड्यांमधल्या कुठल्याच घरात गेलेलो नाही. गिऱ्हाईक आत जातं, मी अंगणात उभा राहतो. मला कुणी थांब म्हटलं नाही आणि कुणी ये म्हटलं नाही. आमची आई त्याच घराच्या परसदारी सुपारी सोलायला जायची, ताई आणि मी तिच्याबरोबर असायचो. पाणी विहिरीचंच, पण वरून ओंजळीत ओतलेलं. ताईला ते गोड लागलं असेल तर तिचं मन मोठं आहे.

हे ताईला वाचून दाखवू नकोस. घर मी तुला दुसरं बघून देतो.

अंबाजी

*

पाली,
२६ जानेवारी २०२५

मामा, जयभीम.

तुमचं शेवटचं वाक्य मी पाळलं नाही. आईला अख्खं पत्र वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत होती. तलाठ्याचं ऐकलं, पाटीचं ऐकलं, हात चालूच होते. तुम्ही अंगणात उभे असता ते ऐकलं तेव्हा तिचे हात थांबले. मग म्हणाली, "अंबू अजून अंगनातच उभा हाय?"

एवढंच म्हणाली आणि परत शेंगा निवडायला लागली. मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय, त्यात माझी भर नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते रागाचंच आहे. तुम्ही मला वाचवत होतात हे कळलं. तुमच्या मायेवर मी शंका घेणार नाही. पण तुम्ही वाचवलंत कुणाला? अनुसूयाबाईंना नाही म्हणायचे कष्ट पडले नाहीत. पुण्याच्या पुतण्याला काही ऐकावं लागलं नाही. त्यांचा नकार तुम्ही पाटीवर रंगवून घेतलात, आपल्या खर्चाने, आणि आपल्याच टपरीवर टांगलात. मला वाटत राहिलं की मी पैशाने कमी पडतेय. बँकेत खुर्चीवर बसून मी स्वतःलाच दोष देत होते. तो नकार माझ्या वाट्याचा असेल तर मला तोंडावर मिळू दे. मग मी त्याचं काय करायचं ते बघेन. भांडेन, नाहीतर रडेन, पण कुणाशी भांडायचं ते तरी मला कळेल.

पत्र मिळालं. तुम्ही सांगितलेला शब्द वापरला आणि दुसऱ्या बँकेने पगारावरून मंजुरी दिली. सोबत ठेवलंय. आज झेंडावंदन आटोपून स्टँडवर आलेय आणि पाकीट तुमच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हातात देतेय. रक्कम वर नाही, मामा. सगळ्यात वर माझं नाव आहे, वडलांच्या नावासकट आणि आडनावासकट, ठळक अक्षरात. बँकेने तसंच छापलंय आणि मला ते आवडलं.

दुसरं घर बघू नका. मला हेच बघायचंय. घ्यायचं की नाही ते खिडक्यांवर ठरेल.

सुचिता

*

मुरुड,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुचितास आणि ताईस,
दोघींना जयभीम.

काल सकाळी पत्र घेऊन अनुसूयाबाईंकडे गेलो. कोकिळा येते म्हणाली, तिला नको म्हटलं. अंगणात गेलो आणि सवयीने तिथेच थांबलो. बाई पडवीत आल्या. मी म्हटलं, गिऱ्हाईकाचं बँकेचं पत्र आणलंय. त्या मोठ्याने म्हणाल्या, ठेव ना तिथे पायरीवर, मी घेते. मी वाकलोसुद्धा होतो, सुचिता. पत्र पायरीला टेकणार, तेवढ्यात ताईचं वाक्य आठवलं. मग चपला काढल्या, पायऱ्या चढलो आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, गिऱ्हाईक विचारतंय स्वयंपाकघराला खिडक्या किती, तेवढं आत जाऊन बघतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अंबाजी, इतक्या लोकांना घर दाखवलंस, तुला ठाऊक नाही?"

मी म्हटलं, "न्हाय. तुमी कदी बोलावलं न्हाय, नि मी कदी आलो न्हाय."

मग त्या बाजूला झाल्या. लगेच झाल्या असं म्हणणार नाही, पण झाल्या. मी आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा त्या चष्मा लावून पत्र वाचत होत्या. नावावर बोट ठेवून म्हणाल्या, ही कोण? म्हटलं, माझी भाची, सत्यवतीची मुलगी, शिक्षिका आहे. त्या म्हणाल्या, सत्यवती म्हणजे सुपारी सोलायला यायची ती? मी हो म्हटलं. मग त्यांनी पत्राची घडी घातली. शेवटी म्हणाल्या, देवव्रतला विचारावं लागेल. मी म्हटलं, विकायचं ते त्यांना विचारा, पण घर बघायला पुण्याची परवानगी लागत नाही. येत्या रविवारी मायलेकी येतील, आणि नाही म्हणायचं असलं तर ते तुम्ही तिलाच सांगा, मी निरोप नेणार नाही. बाई म्हणाल्या, "सकाळी या. दुपारी मी झोपते."

पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. कदाचित नाहीच म्हणतील. पाटी मात्र मी काढली. कोकिळाने ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलीय. यापुढे सहलीवाले आले तरी चालतील, शहाळी फोडून देईन.

रविवारी पहिल्या गाडीने निघा. ताईला खिडकीजवळची जागा दे. मी स्टँडवर असेन. पुढच्या दाराने जाऊ, मी तुमच्याबरोबर आत येणार आहे.

स्वयंपाकघराला खिडक्या दोन आहेत. एक विहिरीवर उघडते, वारा चांगला येतो, फोडणीचा धूर थांबायचा नाही. दुसरी परसदारावर उघडते, आम्ही सुपारी सोलायला बसायचो त्या जागेवर. मी तिथे उभा राहून बघितलं. ताईला सांग, परसदार आतून अगदी लहान दिसतं.

अंबाजी